सुपरसेलच्या आग्नेयेला उभं राहा

अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या मैदानात वादळांचे फोटो काढायला यायचंय, असं कुणी म्हणालं की मी कॅमेऱ्याची चौकशी करत नाही. मोकळ्या रस्त्यावर उभं करून विचारतो, आग्नेय दिशा कुठली ते पटकन दाखव. हा प्रश्न पुढे दिवसभर पुरतो.

मी हवामानशास्त्र शिकायला ओक्लाहोमातल्या नॉर्मन शहरात आलो आणि इथलाच झालो. महाराष्ट्रातून आलेल्या मुलामुलींना वादळ नवीन नसतं. वळीव, वीज, गारपीट सगळ्यांनी पाहिलेली असते. पण वळीव बहुधा तासाभरात बरसून मोकळा होतो, कारण त्याचा पाऊस त्याच्याच वर चढणाऱ्या हवेवर कोसळतो आणि ती हवा थंड करून वादळाला विझवतो. इथे मे महिन्यात जमिनीलगत मेक्सिकोच्या आखाताकडून दमट आग्नेय वारा येतो आणि वरच्या थरांत पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा त्याहून कितीतरी जोरात वाहतो. त्यामुळे पाऊस आणि गारा बाजूला पडतात, वर चढणारा प्रवाह शाबूत राहतो आणि वाऱ्यांच्या या फरकामुळे तो स्वतःभोवती फिरू लागतो. असा फिरता प्रवाह असलेलं वादळ म्हणजे सुपरसेल. ते तासन्‌तास जगतं.

ही रचना समजली की उभं कुठे राहायचं हे कुणी सांगावं लागत नाही. वादळ साधारण ईशान्येकडे सरकत असेल, तर पाऊस आणि मोठ्या गारा त्याच्या पुढच्या, उत्तरेकडच्या भागात असतात. फिरता प्रवाह आणि टोर्नेडोची शक्यता मागे, नैर्ऋत्य टोकाला. आग्नेयेला राहून वायव्येकडे तोंड केलं तर ढगाचा पावसाविना सपाट तळ उघडा दिसतो, गारांचा पडदा उजवीकडे राहतो आणि पूर्वेला किंवा दक्षिणेला निसटायची वाट मोकळी असते. पाठीवर ऊबदार, दमट वारा लागत असेल तर तो वादळात शिरतोय. तो एकदम थंड होऊन समोरून आला, तर वादळाची खाली कोसळणारी हवा तुमच्यापर्यंत पोचली असं समजा आणि जागा सोडा. जोमदार सुपरसेल बऱ्याचदा इतर वादळांच्या उजवीकडे, म्हणजे पूर्वेला किंवा आग्नेयेलाच वळतो. तेव्हा एकदा निवडलेली जागा दर काही मिनिटांनी पुन्हा तपासावी लागते.

दिवस सकाळीच सुरू होतो. नॉर्मनमधल्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर या सरकारी केंद्राचा वादळांचा अंदाज नकाशावर धोक्याच्या पाच पायऱ्यांत येतो. नवख्याची नजर सर्वांत वरच्या पायरीवर जाते. फोटोसाठी मला दुसरी-तिसरी पायरी आवडते. वरच्या पायरीच्या दिवशी वादळं खूप, वेगवान आणि एकमेकांत मिसळलेली असू शकतात. एकटं, सावकाश चालणारं वादळ बहुधा मधल्या दिवशी भेटतं. अंदाजासोबतचा मजकूर संपूर्ण वाचा, खरं शिक्षण तिथे आहे. मग दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते तापमान, पाहा. तो जितका जास्त तितकी हवा दमट. १५ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर आशा, १८-२० असेल तर गाडीत सामान भरा. पश्चिम टेक्सस आणि त्याच्या उत्तर टोकाच्या पॅनहँडल नावाच्या पट्ट्यात कोरडी हवा आणि आखाताची दमट हवा जिथे भिडतात त्या रेषेला इथे ड्रायलाइन म्हणतात. दुपारी पहिले ढग बऱ्याचदा तिच्यावरच उठतात.

कधी उठतही नाहीत. दमट हवेवर उष्ण, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. तो फुटला नाही तर संध्याकाळपर्यंत निरभ्र आकाश बघत पेट्रोल पंपावर बसून राहायचं. याला इथे बस्ट म्हणतात. पण हेच झाकण लवकर फुटलं तर सगळीकडे किरकोळ वादळं उठून हवेतली ताकद वाटून जाते. उशिरा, एखाद्याच ठिकाणी फुटलं तर आयुष्यभर लक्षात राहील असा ढग उभा राहतो. म्हणून वाट बघणं शिका.

फोटोबद्दल माझं मत ठाम आहे: टोर्नेडोच्या मागे लागू नका, संपूर्ण वादळ टिपा. बहुसंख्य सुपरसेल टोर्नेडो तयार करतच नाहीत. पण दहा-पंधरा किलोमीटरवरून दिसणारा तो फिरता मनोरा, त्यावर कोरल्यासारखे आडवे पट्टे, वर ऐरणीसारखा सपाट पसरलेला ढगाचा माथा, खाली गव्हाचं शेत. याच्या तोडीचं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. ड्रायलाइनजवळची कमी पावसाची वादळं याबाबतीत सर्वांत देखणी असतात. १४ ते २४ मिलिमीटरची वाइड लेन्स हवीच. जवळ गेलात तर तीही अपुरी पडते. रॉ फाइलमध्ये काढा आणि ढगाच्या तळाखालची उजळ पट्टी जळणार नाही इतकं एक्स्पोजर कमी ठेवा. सावल्या नंतर उचलता येतात, जळलेला उजेड परत येत नाही. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, वादळात शिरणारा वारा तो हलवतो. एक-दोन सेकंदांच्या अंतराने टाइमलॅप्स लावला की डोळ्यांना संथ वाटणारं फिरणं स्पष्ट दिसतं. वादळ पूर्वेला सरकल्यावर लगेच परतू नका. मावळता सूर्य ऐरणीच्या खालच्या बाजूला लोंबणाऱ्या मॅमेटस ढगांवर पडतो, तेव्हा निम्मी मंडळी हॉटेलच्या वाटेला लागलेली असतात.

कॅन्सस आणि पश्चिम ओक्लाहोमात बऱ्याच भागांत दर मैलाला काटकोनात रस्ता मिळतो, ही मोठी सोय आहे. पण नकाशावरची बारीक रेघ मातीचा रस्ता असू शकते आणि ओक्लाहोमाची लाल माती भिजली की गाडी खड्ड्यात सरकते. कॅनेडियन आणि रेड या नद्यांवर पूल विरळ आहेत, त्यांच्या जागा आधीच बघून ठेवा. टाकी अर्धी झाली की भरा. विजा टिपताना गाडीतच बसा. ट्रायपॉड बाहेर, रिमोट हातात. अंधार पडल्यावर पाठलाग नाही, दुरून विजा टिपा. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती ओल्या रस्त्यावरच्या वेगाची आणि रस्त्यात गाड्या थांबवणाऱ्या गर्दीची.

३१ मे २०१३ चा ओक्लाहोमातल्या एल रीनोचा टोर्नेडो प्रत्येकाने अभ्यासावा. तो ४.२ किलोमीटर रुंद झाला, त्याने अचानक दिशा आणि वेग बदलला. त्यात टोर्नेडोचे संशोधक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. समारास हौशी नव्हते. २००३ मध्ये साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ त्यांच्या उपकरणाने टोर्नेडोत हवेच्या दाबात १०० मिलिबारची घट नोंदवली होती. इतक्या जाणत्या माणसाला जे वादळ चकवू शकलं, त्याच्या जवळ जाण्याचं कारण फोटो असू शकत नाही.

आणि समोरचं शेत, घर, गाव कुणाचं तरी आहे. कुंपण ओलांडू नका. गावावर टोर्नेडो गेला तर कॅमेरा ठेवून मदतीला जा आणि जमत नसेल तर रुग्णवाहिकांसाठी रस्ता मोकळा करा. जे दिसलं ते नॅशनल वेदर सर्व्हिसला, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याला, कळवा: तुम्ही कुठे आहात, वादळ कोणत्या दिशेला किती दूर, गार किती मोठी. रडारला ढगातलं फिरणं दिसतं, पण दूरच्या वादळात त्याचा किरण जमिनीपासून बराच उंचावरून जातो. खाली काय घडतंय ते सांगायला माणूस लागतो. नीट सांगता यावं म्हणून स्कायवॉर्नचा, म्हणजे वादळ पाहून कळवणाऱ्या स्वयंसेवकांसाठीच्या वेदर सर्व्हिसच्या उपक्रमाचा, वर्ग करा. तो फुकट असतो, ऑनलाइनही होतो आणि तारखा त्या भागाच्या वेदर सर्व्हिस कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. बरेचसे वर्ग मोसमाआधीच होऊन जातात, म्हणून मेमध्ये यायचं असेल तर जानेवारीपासूनच तारखा बघायला लागा.