प्लेग्रुपला घालायची घाई? आधी या चुका टाळा

मे संपत आला की कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी एकच प्रश्न कानावर येतो, "काय गं, याला घातलंस का नाही कुठं?" विचारणाऱ्या बायका मायेच्याच असतात, पण ऐकून आपण गडबडतो. मीही गडबडले. अडीच वर्षंही पूर्ण नसलेल्या मुलाला घेऊन भर जूनमध्ये राजारामपुरीतल्या एका प्लेग्रुपच्या दारात जाऊन उभी राहिले. महिन्याभरात ज्या चुका केल्या, त्या दुसऱ्या कुणी करू नयेत म्हणून हे लिहितेय.

'वर्ष वाया जाईल' ही भीती

आपल्या राज्यात नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण लागतात आणि पहिलीसाठी ६. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला पायाभूत टप्पाही वयाच्या तिसऱ्या वर्षानंतरच सुरू होतो. अंगणवाडीतली शाळासुद्धा ३ ते ६ वयाचीच. मग दोन-सव्वादोन वर्षांच्या लेकराचं कुठलं वर्ष वाया जाणार? घरी सांभाळायला कुणी नाही, दोघंही नोकरीला जातात, तर ती गरज खरी आहे. पण मग चांगलं पाळणाघर शोधा. दीड-दोन तासांच्या प्लेग्रुपनं ती गरज भागत नाही.

रडण्यावरून तयारी ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि जवळजवळ सगळे करतात. पहिल्या दिवशी रडलं म्हणजे मूल तयार नाही, गप्प बसलं म्हणजे तयार, असं नसतं. काही मुलं घाबरूनही गप्प बसतात. बघायचं ते एवढंच, की आई जवळ नसताना रडू आलं तर दुसऱ्या कुणाच्या कडेवर ते थांबतं का? हे घरीच कळतं. आत्याकडे किंवा शेजारच्या काकूंकडे तासभर ठेवून बघा. पडलं, गुडघा खरचटला, तर जवळ असेल त्या मोठ्या माणसाकडे जातं का? जात असेल तर बाईंकडेही जाईल.

दुसरं, परक्या माणसाला कळेल असं मागता येतं का? आमच्या घरी याला तहान लागली की तो माठाजवळ जाऊन झाकणावर टपटप वाजवायचा. घरात सगळ्यांना ते कळायचं, त्यामुळं 'पाणी' हा शब्द त्याला कधी लागलाच नाही. प्लेग्रुपमध्ये माठ नव्हता. रोज त्याची बाटली भरलेलीच घरी यायची आणि मी समजायचे, खेळात रमत असेल. आठवड्यानं माझ्या डोक्यात उजेड पडला. शब्द नसला तर खूण चालेल, पण ती बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

मागच्या मागं निघून येणं

"तो झोपाळ्याकडे बघतोय तोवर निघा," असा सल्ला मला मिळाला आणि मी तो ऐकला. त्यानंतर दोन आठवडे पोरानं घरातसुद्धा माझ्या ओढणीचं टोक सोडलं नाही. मी अंघोळीला गेले की दाराबाहेर बसून राहायचा. आई न सांगता नाहीशी होऊ शकते, हे त्याला मीच शिकवलं होतं.

सांगून निघा. घड्याळ त्यांना कळत नाही, म्हणून कामांच्या क्रमानं सांगा: "आधी गाणी, मग डबा, डबा संपला की आई दारात." निरोप एकदाच घ्या, तीनदा मागं फिरू नका. आणि पहिले पंधरा दिवस न्यायला वेळेच्या पाच मिनिटं आधीच पोचा. सुरुवातीला अर्धाच तास ठेवू देत नसतील, तर दुसरं ठिकाण बघा.

जूनचाच हट्ट

कोल्हापूरचा पाऊस आपल्याला माहीत आहे. जून-जुलैत एक सर्दी ओसरते तोवर दुसरी, मध्येच ताप, तोंडात-हातापायावर पुरळ. चार दिवस जायचं, आठ दिवस घरी, की पुन्हा पहिल्यापासून रडारड. दिवाळीनंतर घेतात का, विचारून बघा. घरात बाळ येणार असेल, घर बदलायचं असेल किंवा नुकतंच अंगावरचं दूध तोडलं असेल, तर तो काळही जाऊ द्या.

शू-शीचंही तसंच. 'डायपर काढूनच पाठवा' म्हटल्यावर आठ दिवसांत शिकवायला जाऊ नका. दोन तास कोरडं राहतं, ओलं झालेलं सांगतं, तेव्हा ते आपोआप सोपं होतं. रागावलं की मुलं शी दाबून धरतात आणि बद्धकोष्ठता मागं लागते.

बोलत नाही म्हणून पाठवणं

"चार पोरांत गेलं की बोलेल," हे घराघरांत ऐकू येतं. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा नावानं हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या. प्लेग्रुपच्या भरवशावर ते महिने घालवू नका. मात्र दोन वर्षांची मुलं शेजारी बसून आपापलं खेळत असतील तर काळजी नको, त्या वयात असंच खेळतात.

जागा बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं नंतर बघा, आधी मुलांच्या हातात काय आहे ते बघा. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, तेव्हापासून बालशिक्षणातली माणसं सांगतायत की लहान मूल खेळातून, हातानं करून शिकतं. अडीच वर्षांच्या हातात पेन्सिल आणि चार रेघी वही दिसली तर तिथूनच परत या.

सुरू केलं आणि बिनसलं तर

दोन-तीन आठवडे रुळायला लागतात. त्यानंतरही पूर्ण वेळ रडतं, तिथं काही खात-पीत नाही, रात्री दचकून उठतं, किंवा कोरडं राहायला लागलेलं पुन्हा ओलं करतं, तर काढून घ्या. भरलेल्या फीकडे बघू नका. "थांब, बाईंना सांगते" ही धमकी तर घरातून आजच बंद करा.

आम्ही जुलैत काढून घेतलं. दिवाळीनंतर दुसरीकडे गेलो, तोवर "पानी दे" म्हणायला आलं होतं. पहिले दोन दिवस रडला, बाईंच्या खांद्यावर थांबला. तिसऱ्या दिवशी बाटली अर्धी रिकामी होऊन घरी आली.