टोळी उतरायच्या आधी

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आली की कात्र्यांना धार लावणं, ब्लोअरची दुरुस्ती, औषधांची खरेदी हे आपण बागाईतदार आठवणीनं करतो. सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडून जगायला येणाऱ्या मजुरांच्या टोळीबरोबर लेकरंही येतात. त्यांची तयारी मात्र ती दारात उतरल्यावर सुचते. यंदा ती आधी करू.

सगळ्यात आधी शेततळं. तळ्यात अंथरलेल्या ओल्या प्लास्टिकवर पाय घसरला की पोहणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही, लेकराचं तर विचारूच नका. चहूबाजूंनी जाळी, फाटकाला कुलूप, चारही उतारांवर पाण्यापर्यंत सोडलेले गाठींचे दोर आणि कुंपणाला टांगलेली हवा भरलेली ट्यूब, एवढं हवंच. झोपड्या तळ्यापासून लांब घाला. इथे काटकसर करू नका, हात जोडून सांगतो.

मग औषधं. छाटलेल्या काडीवरचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून लावतो ती हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट जहाल विषारी. तिचा डबा, बादली, हातमोजे कुलपात ठेवा. रिकाम्या कॅनला लगेच भोकं पाडा, नाहीतर त्यातच पिण्याचं पाणी भरलं जातं. पेस्ट किंवा फवारणी चालू असताना लेकरू प्लॉटमध्ये नको, म्हणजे सांभाळायला माणूस हवं. टोळीतल्याच एका बाईला पूर्ण रोज देऊन सावलीत बसवा. आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर तान्हं दिलं की तिची शाळा तिथेच सुटते.

शाळेचं आत्ताच बोलून ठेवा. मुकादमाला फोन करून लसीकरणाचं कार्ड, रेशनकार्ड, शाळेनं दिलेलं शिक्षण हमी पत्रक (गाव सोडून जाणाऱ्या पोराला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) बरोबर आणायला सांगा. कागद राहिले तरी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणारं पोर नव्या वर्गात गप्प बसतं. गुरुजींना हे आधी कळलं तर ते त्याला मठ्ठ समजणार नाहीत. सहा वर्षांखालच्यांची नावं अंगणवाडीताईंना द्या.

शेवटी शेडच्या भिंतीवर रंगानं मोठं लिहा: रुग्णवाहिका १०८, चाइल्डलाइन १०९८. खाली गाव, गट नंबर, रस्त्याची खूण. परवा आलेल्या बापाला रात्री फोनवर आपण कुठे आहोत ते सांगता आलं पाहिजे.