कुकिंग रेंज घेताय? या चुका टाळा

कुकिंग रेंज, म्हणजे वर शेगडी आणि खाली ओव्हन असं एकत्र यंत्र, बघायला आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "बर्नर किती?" आणि लगेच, "काळ्या रंगात मिळेल का?" गॅस कुठला, वायर कुठली, दार उघडल्यावर मागे सरकायला जागा किती, हे प्रश्न रेंज घरी आल्यावर सुचतात. तोवर शंभरेक किलोचं धूड स्वयंपाकघरात मधोमध उभं असतं आणि परत न्यायला कोणी तयार नसतं.

मला सगळ्यात वैताग येतो तो जेटच्या चुकीचा. जेट म्हणजे बर्नरमधला बारीक भोकाचा तुकडा, ज्यातून गॅस बाहेर येतो. सिलेंडरमधला एलपीजी आणि पाइपने येणारा नैसर्गिक वायू यांना वेगवेगळे जेट लागतात. तेवढ्याच एलपीजीत उष्णता कितीतरी जास्त, म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक. बऱ्याच रेंजना कारखान्यातून नैसर्गिक वायूचे जेट बसवलेले असतात आणि एलपीजीचे वेगळ्या पुडीत मिळतात. ही पुडी उघडायची असते, हेच कोणाच्या गावी नसतं.

एका घरून बोलावणं आलं, "भांडी काळी पडतायत." रेंज नवी कोरी, गॅस सिलेंडरचा, आणि एकूणएक पातेल्याच्या बुडाला काजळी. बाईंनी घासायची पावडर बदलून पाहिली होती, त्यांच्या यजमानांनी बर्नर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले होते. पेटवून बघतो तर पिवळी, लांबलचक ज्योत पातेल्याच्या कडेने वर चढतेय. बसवणाऱ्याने "जेट बदललेत" म्हणून छातीठोक सांगितलं होतं म्हणे. मी खालचा ड्रॉवर ओढला. माहितीपुस्तिकेला चिकटपट्टीने डकवलेली पुडी, सीलसकट, तिथेच! काजळी एक वेळ घासून निघेल, पण अशा अर्धवट जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वासही नसतो.

म्हणून बसवणारा घरात असतानाच मी बर्नरची टोपी काढून जेटवरचा आकडा वाचतो. तो बहुतेकदा भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 72 म्हणजे 0.72 मिमी. पुस्तिकेतल्या तक्त्याशी तो जुळला पाहिजे. नंतर नॉब मंद आचेवर आणून बघायचा, कारण जेटबरोबर बायपास स्क्रू, म्हणजे मंद आच किती ते ठरवणारा स्क्रू, तोही जुळवावा लागतो. तो राहिला तर एलपीजीवर मंद आच मंद होतच नाही. "चालतंय की, राहू द्या" म्हणणाऱ्याला मी दारातून बाहेर सोडत नाही.

दुसरी चूक टेपची. लोक रुंदी मोजतात, 90 सेमीची रेंज बसते म्हणून खूश होतात. ओव्हनचं खाली पडणारं दार अर्धा मीटर तरी पुढे येतं, आणि त्याच्याही पुढे गरम ट्रे धरून माणूस वाकणार असतो. समोरचं कपाट जवळ असेल तर तोच ट्रे बाजूने, कंबर वाकडी करून काढावा लागतो. माझा उपाय गावठी आहे: रेंज आणि उघडं दार मिळून जेवढी जागा जाईल तेवढा पुठ्ठा कापून जमिनीवर अंथरा आणि आठवडाभर त्यावर पाय न देता स्वयंपाक करा. विक्रेते हसतात. हसू द्या.

90 सेमीत एकच अवाढव्य ओव्हन दिसायला झकास, पण एका छोट्या ट्रेसाठीही तो अख्खा तापवावा लागतो. मी दोन ओव्हनवालीच घेईन.

विजेचं गणित सोपं आहे. 230 व्होल्टवर 16 अँपिअरच्या प्लगमधून साधारण 3.7 किलोवॅट मिळतात. दोन ओव्हन एकदम लावले की हा आकडा सहज ओलांडला जातो, आणि इंडक्शनच्या रेंजला तर 32 अँपिअरची किंवा त्याहून मोठी स्वतंत्र लाइनच हवी. एक्स्टेंशन बोर्डावर रेंज चालवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

इंडक्शन घेणार असाल तर आधी घरातल्या भांड्यांच्या बुडाला चुंबक लावून बघा; चिकटला नाही तर ते भांडं त्यावर चालणार नाही.

हुड, म्हणजे वरची धूर ओढणारी चिमणी, रेंजपेक्षा अरुंद नको.

बर्नर विझल्यावर गॅस आपोआप बंद होणार नसेल, तर ती रेंज कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

रेंज मागच्या भिंतीला अडकवायची साखळी किंवा ब्रॅकेट सोबत येतं, तेही बसवून घ्या. उघड्या दारावर मूल चढलं तर एवढी जड रेंजसुद्धा पुढे कलंडते.