पोटॅशियम कमी की जास्त? घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी

ठाण्यात आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत दोन शहाळी असतातच. किडनीच्या रुग्णाच्या घरी ती पाहुण्यांनाच पाजा. ग्लासभर शहाळ्याच्या पाण्यात साधारण 400 ते 500 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही.

आधी रिपोर्ट बघा. रक्तात 3.5 ते 5 हा साधारण ठीक आकडा. नुसत्या लक्षणांवर जाऊ नका, कारण पोटॅशियम कमी झालं तरी हातपाय गळतात, वाढलं तरी गळतात. पायात गोळे, पोट फुगणं, बद्धकोष्ठता असेल तर कमी असण्याची शंका घ्या. वाढलेलं मात्र कधीकधी काहीच न जाणवता थेट हृदयाचे ठोके बिघडवतं.

मग औषधांचा डबा पालथा करा. लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड, जुलाब, उलट्या यांनी पोटॅशियम उतरतं. स्पायरोनोलॅक्टोन, बीपीची टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनी चढतं. पण मनाने कुठलीही गोळी बंद करू नका, डॉक्टरांना यादी दाखवा. 'लो सोडियम' मिठाचं पाकीटही वाचा. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असतं. बीपीसाठी म्हणून कौतुकाने आणलेलं हे मीठ किडनीच्या रुग्णाला नडतं.

रुग्ण बरा दिसतोय आणि आकडा भलताच जास्त आलाय? रक्त घेताना मूठ फार आवळली, किंवा घरून नेलेला नमुना घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकून लॅबला उशिरा पोहोचला, तर स्नायूंतलं किंवा रक्ताच्या लाल पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपून आकडा फुगतो. डॉक्टरांना विचारून लगेच पुन्हा तपासा. तोवर आकडा खोटाच, असं धरून बसू नका.

6 च्या पुढे आकडा, किंवा धडधड, चक्कर, छातीत दुखणं, पाय उचलत नाहीत, डायलिसिस चुकलंय: सरळ 108 ला फोन. रुग्णालयात आधी ईसीजी होतो. कॅल्शियमचं इंजेक्शन हृदय सांभाळतं, पोटॅशियम उतरवत नाही. इन्सुलिन आणि ग्लुकोज ते तात्पुरतं पेशींत ढकलतात. म्हणून बरं वाटलं की घरी नेण्याची घाई नको.

पोटॅशियम कमी असेल तर त्याचं सिरप पाण्यात मिसळून, जेवणानंतर. शिरेतून द्यायचं ते सलाईनमध्ये पातळ करून, अगदी सावकाश. पोटॅशियमची अँप्युल (इंजेक्शनची कुपी) थेट शिरेत कधीच नाही, हृदय थांबू शकतं. घरी नर्स येत असली तरी हे काम रुग्णालयातच. आकडा वर येतच नसेल तर मॅग्नेशियम तपासायला सांगा.

पोटॅशियम वाढलेलं असेल तर स्वयंपाकात बटाटा, सुरण सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा. पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं, म्हणून ते ओतून द्या, आमटीत नको.