हाडांच्या ओपीडीतला कचरा आणि हेलपाटे कसे कमी करावेत

मी हाडांची ओपीडी बघते. कचरा म्हटलं की आधी डबा आठवतो, पण आमच्याकडे पर्यावरणावर मोठा भार पेशंटच्या येण्याजाण्याचा असतो. म्हणून सुरुवात तिथून करा. पुढची तारीख लिहिण्याआधी स्वतःला विचारा: त्या दिवशी मी नेमकं काय ठरवणार आहे? उत्तर नसेल तर तारीख देऊ नका, काय झालं तर परत यायचं ते लिहून द्या. लहान मुलाच्या मनगटाजवळचं हाड नुसतं दबलं असेल (बकल फ्रॅक्चर), तर काढता येणारी पट्टी पुरते. ती पालक घरीच काढू शकतात; प्लास्टर नको, पुन्हा एक्स-रेही नको. संधिवाताच्या गोळ्यांसाठीच्या रक्ततपासण्या घराजवळ करू द्या, रिपोर्ट फोनवर बघा. मात्र दुखणं वाढलं, सूज आली, तर या पेशंटना बोलवाच. तिथे काटकसर करू नका.

वयस्कांचा झिजलेला गुडघा बहुधा तपासून आणि उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर कळतो. एमआरआय लगेच लिहू नका; ते यंत्र रिकामं असतानाही वीज खातं.

कुबड्या, वॉकर परत मागा. रबरी टोक बदला, स्क्रू तपासा, पुसून पुढच्याला द्या.

आणि हे मला फार कळकळीने सांगायचंय: डायक्लोफेनॅक जेल (दुखऱ्या भागावर चोळायचं वेदनाशामक) लावल्यावर हात आधी कागदाने पुसायला सांगा, मग धुवायला. कागद कचऱ्यात टाकायचा. त्वचेत थोडंच मुरतं, उरलेलं सांडपाण्यात जातं.