रॅम आणायला निघण्याआधी

शनिवारी कॉम्प्युटरची रॅम घ्यायला लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत जाणार आहेस ना, मग ठाण्याहून गाडीत बसायच्या आधी घरीच हे सगळं उरकून घे, कारण तिथे काउंटरवर चार जण मागून ओरडत असतात आणि आपलं डोकं चालत नाही. पहिलं म्हणजे विंडोजमधला टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरी, तिथे स्पीड आणि रॅम बसवायचे किती स्लॉट भरलेत ते दिसतं, फोटो काढून ठेव. मदरबोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा (रॅमच्या जुन्या-नव्या पिढ्या) तेही नक्की कर, दोघांची खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही.

आता खरा घोळ. पाकिटावर स्पीडचा मोठ्ठा आकडा असतो, ३२००, ६०००, दुकानदार तोच वाचून दाखवणार. सीएल कुठेतरी बारीक अक्षरात असतो, म्हणजे डेटा मागितल्यावर तो यायला किती क्लॉक सायकल जातात ते. नुसता सीएल बघूनही काही कळत नाही हं. मोबाइल काढायचा, सीएल गुणिले २०००, भागिले तो मोठा आकडा, उत्तर नॅनोसेकंदात, जितकं कमी तितकं बरं. ३२०० सीएल १६ चे १० येतात आणि ६००० सीएल ३० चे पण १०च! म्हणजे गाडी फलाटाला लागायला तेवढाच वेळ, फक्त डबे, म्हणजे डेटा, जास्त. उलट ३२०० मध्येच सीएल २२ गळ्यात मारली तर पावणेचौदा, आणि डीडीआर५ ची ४८०० सीएल ४० तर जवळपास १७, नवीन आहे म्हणून हुरळून जाऊ नकोस.

शक्यतो दोन सारख्या स्टिक एकाच पाकिटातल्या घे, चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा, तरी मॅन्युअल बघच.

आणि बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, कुठली की दाबून जायचं ते आधीच शोधून ठेव. मी ३२०० वाली लावली, सीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये १०६६ दिसलं (तिथे अर्धाच आकडा दिसतो), तडक दुकानात फोन लावून भांडलो, तो बिचारा थंडपणे म्हणाला, "साहेब, आधी दुप्पट करा, मग एक्सएमपी ऑन करा." दुप्पट केले तर २१३३, एक्सएमपी, म्हणजे पाकिटावरचा स्पीड लागू करणारी बायॉसमधली सेटिंग, बंदच होतं. एएमडीचा डीडीआर५ बोर्ड असेल तर हीच सेटिंग एक्स्पो नावाने शोध.

बोर्ड डीडीआर४ चा निघाला तर चिठ्ठीवर एवढंच लिहून ने: डीडीआर४, ८ जीबीच्या दोन, ३२००, सीएल १६. आणि दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकड, लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोडला उतरायचं आणि फास्ट तिथे थांबत नाही.