दुसऱ्याच्या फोटोवर अभिप्राय देताय? या चुका टाळा

रामकुंडावरच्या आरतीचा फोटो ग्रुपवर पडतो. लगेच अंगठे, टाळ्या, 'भारी', 'कडक रे'. मग कोणीतरी लिहितं, 'थोडा डल वाटतोय', आणि विषय तिथेच संपतो. उद्या पुन्हा घाटावर जाऊन वेगळं काय करायचं, हे यातल्या एकाही प्रतिसादातून कळत नाही. नाशिकच्या हौशी फोटोग्राफरला विषय शोधत फिरावं लागत नाही. घाट, गड, द्राक्षमळे, पक्षी, सगळं जवळच आहे. नीट बघून बोलणारं माणूस मात्र सहज मिळत नाही.

कामाच्या अभिप्रायात चार गोष्टी येतात: फोटोत नेमकं कुठे, तिथे काय दिसतंय, ते कशामुळे झालं असावं आणि पुढच्या वेळी काय करून बघायचं. बहुतेक चुका यातली एखादी गोष्ट गाळल्याने होतात.

व्हॉट्सॲपवरचा फोटो बघून निकाल देणं

साध्या क्वालिटीत पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. मूळ फोटो २४ मेगापिक्सेलचा असेल तर ती ६००० असते. वर कॉम्प्रेशन होतं ते वेगळंच. त्यामुळे पिसांचे बारकावे चिखल झाल्यासारखे दिसतात आणि संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे उमटतात. असा फोटो बघून 'शार्प नाही' म्हणणं अन्यायाचं आहे. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. तिच्यासोबत शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील होता), फोकल लेंग्थ (लेन्सचा झूम) ही माहितीही येते. ती साध्या पाठवण्यात गळून जाते.

रंगांवर बोलण्याआधी आपला मोबाइल तपासा. रात्रीचा पिवळसर फिल्टर चालू असेल तर प्रत्येक फोटो 'वॉर्म' वाटेल. स्क्रीन 'व्हिव्हिड'वर असेल तर साधी भगवी पताकाही भडक दिसेल. फिल्टर बंद करा, ब्राइटनेस मध्यम ठेवा, मगच बोला.

'ब्लर आहे' एवढंच सांगणं

इथे जरा जास्त थांबू, कारण नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाणाऱ्या प्रत्येकाला हा शेरा कधीतरी मिळतो आणि त्याने काहीच सुधारत नाही. ब्लर पाच वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. कारण चुकीचं सांगितलं तर समोरचा बिचारा नवा ट्रायपॉड घेऊन येतो आणि फोटो तसेच्या तसे.

फोटो शंभर टक्के झूम करा आणि पक्ष्याच्या आजूबाजूला बघा. पक्षी पुसट, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत स्पष्ट असेल तर फोकस चुकलाय. सिंगल पॉइंट (फोकसचा एकच ठिपका) घेऊन पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस करायला सांगा. पक्षी बसलाय ती काठी स्पष्ट आणि पंख तेवढे पुसट असतील तर शटर पक्ष्याच्या हालचालीला कमी पडला. उडत्या पक्ष्याला १/१६०० ते १/२००० सेकंदापासून सुरुवात करावी. काठी, गवत, पाणी सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, पाण्यावरचे चमकणारे ठिपके रेघा झाले असतील, तर हात हलला. ४०० मिमी लेन्स हातात धरायची तर फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) निदान १/४००, क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सरवर) १/६४० हा जुना हिशेब लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका सावरणारी सोय) नसेल तेव्हा अजूनही कामाला येतो.

चौथं कारण लोक हमखास विसरतात. ऊन चढलं की पाण्यावरची आणि नांगरलेल्या रानावरची हवा थरथरते. मग लांबच्या पक्ष्याच्या कडा नागमोडी दिसतात, आणि एकाच बर्स्टमधली (सलग काढलेल्या फोटोंमधली) एक फ्रेम बरी तर पुढची बिघडलेली असते. यावर ट्रायपॉड, वेगवान शटर, महागडी लेन्स यांपैकी कशाचाही उपाय चालत नाही. सकाळी लवकर जाणं आणि कमी अंतरावरून फोटो घेणं एवढंच हातात असतं. म्हणून एका फ्रेमवर मत देऊ नका, त्याच बर्स्टमधल्या दोन-तीन मागा. पाचवं कारण कॅमेऱ्याच्या किंवा ॲपच्या नॉइज रिडक्शनचं, म्हणजे फोटोतले दाणे पुसणाऱ्या सोयीचं. बाह्यरेषा ठीक, पण पिसं मेण ओतल्यासारखी गुळगुळीत दिसली तर ते ओळखावं. तो स्लायडर कमी करायला सांगितलं की काम झालं.

आता अभिप्राय असा देता येतो: 'काका, शेकाट्या पक्ष्याचे पाय आणि पाणी दोन्ही आडवे ओढले गेलेत, हात हलला असावा. लेन्स ४०० वर होती आणि शटर १/२५० दिसतोय. आयएसओ ४०० चा १६०० केलात तर तेवढ्याच उजेडात शटर १/१००० मिळेल. पुढच्या खेपेला बघाल का करून?' यात काकांच्या नजरेवर किंवा वयावर एक शब्द नाही, आणि रविवारी नेमकं काय करायचं ते त्यांना कळलंय.

उजेडाबद्दल अंदाजे बोलणं

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतं. काळारामाच्या काळ्या दगडाने फ्रेम भरली की कॅमेरा ती उजळवतो, दगड राखाडी होतो आणि वरचं आकाश पांढरं फटक पडतं. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) -०.७ ते -१ सुचवा. आणि एखाद्याने दगड काळाच ठेवला असेल तर 'अंडर (गरजेपेक्षा गडद) आहे' म्हणू नका, त्याने बरोबर केलंय. बगळ्याचं उलटसुलट असतं. बगळ्याने फ्रेम व्यापली असेल तर तो करडा पडतो, तेव्हा प्लस करावं लागतं. तोच बगळा गडद पाण्यावर लहानसा असेल तर पिसं जळतात, तेव्हा मायनस. म्हणजे 'पांढऱ्याला प्लस' असा सरसकट सल्ला निम्म्या वेळा फसतो.

आरतीच्या फोटोत दिव्याची ज्योत पांढरी होणारच. तिला दोष देऊ नका. पुजाऱ्यांचा चेहरा आणि हातही पांढरे झाले असतील तर मात्र सांगा, आणि हेही सांगा की जेपीईजीमध्ये पूर्ण पांढरा झालेला भाग परत आणता येत नाही. गडद सावलीतून थोडंफार निघतं, रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर बरंच. म्हणून घाटावर हायलाइट (सर्वांत उजळ भाग) सांभाळून फोटो घ्यायला सांगा.

नियमावर बोट ठेवून फोटो मोजणं

'क्षितिज मध्यावर आलंय, रूल ऑफ थर्ड्स मोडला.' (फ्रेमचे तीन भाग करून मुख्य गोष्ट त्यांच्या रेषांवर ठेवायचा नियम.) गंगापूर धरणाच्या पाण्यात डोंगराचं पूर्ण प्रतिबिंब असेल तर क्षितिज मध्यावर असणं हाच त्या फोटोचा प्राण असू शकतो. नियम आठवण्याआधी नजर कुठे जाते, कुठे अडकते ते बघा. 'माझी नजर डावीकडच्या प्लास्टिकच्या पिशवीकडे जातेय' हे वाक्य नियमापेक्षा दहापट उपयोगी आहे.

'फोटो तिरका आहे' हेही घाईने बोलू नये. आपल्यापासून तिरकी लांब जाणारी पाण्याची कड कॅमेरा सरळ असला तरी फोटोत उतरती दिसते. ती सरळ करायला गेलं तर उरलेला फोटो कलतो. पाणी स्थिर असेल तर फ्रेमच्या मध्याजवळचं एखादं टोक आणि त्याचं प्रतिबिंब बघा. दोन्ही एकाच उभ्या रेषेत असतील तर कॅमेरा सरळ होता.

आपली आवड दोष म्हणून सांगणं

'मी ब्लॅक अँड व्हाइट केला असता' ही तुमची आवड झाली. सांगा, पण आवड म्हणूनच. आणि न विचारता कोणाचा फोटो एडिट करून ग्रुपवर टाकू नका. 'क्रॉप करून दाखवू का?' एवढं विचारायला वेळ लागत नाही, आणि पाठवायचं ते एकट्याला पाठवा. कॅमेरा बदलायचा सल्ला तर कोणी मागितल्याशिवाय देऊच नये.

एका फोटोवर दोनच मुद्दे. नुकताच कॅमेरा घेतलेल्या ताईला फोकस, रंग, क्रॉप, पार्श्वभूमी, वॉटरमार्क असं सगळं एकदम ऐकवलं तर तिच्या लक्षात फक्त फोटो वाईट आहे एवढंच राहतं. आधी विचारा: यात तुला काय दाखवायचं होतं? ते उत्तर मिळालं की दोन मुद्दे कोणते घ्यायचे ते आपोआप ठरतं.

कौतुकही नेमकं हवं. रंगपंचमीला रहाडीतल्या (रंगाच्या पाण्याच्या हौदातल्या) धप्प्याच्या, म्हणजे उडीच्या, फोटोवर 'कडक' लिहिण्यापेक्षा असं लिहा: 'अंग पाण्याला टेकायच्या आधीचा क्षण पकडलास, आणि काठावरचे सगळे चेहरे एकाच दिशेला बघतायत, म्हणून नजर बरोबर त्याच्यावर जाते.' अनेकदा असा क्षण नशिबाने मिळालेला असतो. तो का चांगला आहे हे कळलं तर पुढच्या वर्षी फोटो काढणारा ठरवून तिथे उभा राहील.

घरट्याच्या फोटोला शाबासकी देणं

हे तंत्राइतकंच महत्त्वाचं आहे. घरट्यातल्या पिल्लांच्या जवळून काढलेल्या फोटोला वाहवा मिळाली की पुढच्या रविवारी आणखी चारजण तिथे पोचतात. माणसं फार जवळ गेली की आई-बाप उडून जातात, आणि तेवढ्या वेळात पिल्लं उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. अशा फोटोवर शार्पनेसची चर्चा करू नका. ग्रुपवर खरडपट्टीही काढू नका, नाहीतर माणूस दुखावून फोटो दाखवणंच बंद करेल आणि घरट्याकडे जाणं चालूच ठेवेल. फोन करा, कारण समजावून सांगा, फोटो आणि जागेचं नाव काढून टाकायला सांगा. फोटो मोबाइलवरून काढून डॉक्युमेंट म्हणून पाठवला असेल, तर फाइलमध्ये जीपीएसची जागा नोंदलेली असू शकते. ग्रुपवरची ती फाइलही सगळ्यांसाठी डिलीट करून घ्या.